गोठ्यातल्या स्कूटरचा पंचनामा

विदर्भातल्या मोठ्याशा गावात आता विजेची एखादी तरी स्कूटर गोठ्यात उभी दिसते. सीटवर कोंबडी, पायदानावर ढेपेचं पोतं, हँडलला दावं अडकवलेलं. लायसन नको, पासिंग नको, पेट्रोल नको म्हणून कोणीतरी हौसेनं घेतलेली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात बसलेली. गावात विजेच्या गाडीचा विषय काढला की पहिलं बोट तिकडेच जातं. "हे पाहा, चाळीस हजाराचं खेळणं. कोंबड्या अंडे देतेत त्याच्यावर."

या टोमण्याला आम्ही दुरुस्तीवाले उत्तर देत बसत नाही, कारण तो खरा असतो. माणसानं डोळ्यानं पाहिलेलं असतं. आम्ही व्होल्टेज मोजायचा मल्टिमीटर काढतो. अशी उभी गाडी पुन्हा चालती करण्याचं काम कसं होतं आणि प्रत्येक पायरीवर लोक कोणती शंका काढतात, तेच इथे लिहितो.

बॅटरी बदलून टाका, हा सल्ला सगळेच देतात. पण बॅटरीवर एक रुपया घालण्याआधी मागच्या चाकातली मोटर आणि तिला करंट सोडणारा कंट्रोलर जिवंत आहेत का ते बघावं लागतं. सीटखालचा एमसीबी पाडायचा, गाडी मधल्या स्टँडवर घ्यायची आणि मागचं चाक हातानं फिरवायचं. हलकं फिरलं तर ठीक. अडत-अडत, झटके देत फिरलं तर मोटरच्या तीन जाड तारा, म्हणजे पिवळी, हिरवी आणि निळी, कंट्रोलरपासून सोडवायच्या, त्यांची टोकं एकमेकींना लागू न देता पुन्हा फिरवायचं. आता मोकळं फिरलं तर कंट्रोलरमधले मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारे भाग, शॉर्ट झालेत. तरीही अडलं तर तारा आसाजवळ वितळून एकमेकींना चिकटल्यात, किंवा मोटरची वाइंडिंग गेली आहे. तिसरं कारण फार साधं, आणि सगळ्यात जास्त तेच सापडतं: ड्रम ब्रेक घासत असतो. गाडी सहा महिने उभी राहिली की ब्रेकची कॅम गंजते. तिला ग्रीस लावली की 'मोटर जाम' झालेली गाडी मोकळी होते.

मग गोठ्याचा खास रोग, उंदीर. हेडलाइटच्या मागचा आणि पायदानाखालचा हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगा, उघडून बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही. कुरतडलेल्या दोन तारा एकमेकींना लागल्या असतील तर नवी बॅटरी लावल्याबरोबर धूर निघेल आणि गावात आणखी एक किस्सा तयार होईल.

आता वर्कशॉपमधल्या चार चांगल्या १२ व्होल्टच्या बॅटऱ्या (६० व्होल्टच्या गाडीला पाच) सिरीजमध्ये जोडून, मधे १० अँपिअरचा फ्यूज टाकून गाडीला तात्पुरता करंट द्यायचा. थ्रॉटलच्या, म्हणजे वेगाच्या मुठीच्या, लाल-काळ्या तारांत साधारण ५ व्होल्ट मिळायला हवेत. तिसऱ्या तारेवर मूठ सोडलेली असताना ०.८ व्होल्टच्या आसपास आणि पूर्ण पिळल्यावर ४ च्या जवळ. सगळं बरोबर असून चाक हलत नसेल तर ब्रेकच्या लिव्हरमधला छोटा स्विच बघा. ब्रेक दाबला की तो मोटर बंद करतो, आणि धुळीनं अडकला की गाडी कायमची बंद. एवढ्याशा स्विचपायी 'मेलेल्या' गाड्या आहेत.

हे सगळं ठीक निघालं की मग बॅटरी.

या गाड्यांत बहुतेक १२ व्होल्टचे चार लेड-अ‍ॅसिड ठोकळे सिरीजमध्ये असतात, म्हणजे ४८ व्होल्ट. काहींत पाच, म्हणजे ६०. ठोकळे सुटे करून प्रत्येकाला वेगळं चार्ज करायचं, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी व्होल्टेज मोजायचं. १२.८ किंवा वर असेल तर आशा आहे. १२.४ च्या खाली असेल तर शंका. १०.५ च्या आसपास अडकला असेल तर आतल्या सहा सेलपैकी एक मेला. पण नुसत्या व्होल्टेजवर निकाल देऊ नये, कारण मरायला टेकलेला ठोकळाही न वापरता १२.७ दाखवतो. खरी परीक्षा लोडची. १२ व्होल्ट ५५ वॅटचा हॅलोजन हेडलाइट बल्ब घ्या. तो साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो. तो लावून घड्याळ सुरू करायचं आणि व्होल्टेज १०.५ वर आलं की थांबवायचं. २० अँपिअर-तासांचा धडधाकट ठोकळा चार तासांच्या जवळ टिकतो. पन्नास मिनिटांत बसला तर त्यात चारच अँपिअर-तास उरलेत. गाडीच्या मालकासमोर हा प्रयोग केला की बरंच बोलणं वाचतं.

चारपैकी एकच ठोकळा खराब निघाला तर मालक म्हणतो, "भाऊ, हा एकच बदलून द्या ना." समजावून सांगावं लागतं. सिरीजमध्ये सगळ्यांतून करंट सारखाच जातो. जुने तीन ठोकळे लवकर भरतात आणि लवकर रिकामे होतात. चार्जर थांबतो तो एकूण व्होल्टेजवर, त्यामुळे कोणता ठोकळा जास्त शिजला आणि कोणता उपाशी राहिला, हे त्याला कळत नाही. एक बदलला की चार महिन्यांत दुसरा जातो, आणि माणूस म्हणतो, पाहा, पुन्हा बसली.

ही बॅटरी विदर्भातच एवढ्या लवकर का जाते, हे एकदा नीट सांगायला हवं, कारण गावाच्या अविश्वासाचं मूळ इथेच आहे. लेड-अ‍ॅसिडचं आयुष्य २५ अंशांवर मोजलेलं असतं आणि तापमान दहा अंशांनी वाढलं की ते साधारण निम्मं होतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा या पट्ट्यात मे महिन्यात पारा ४५ पार जातो आणि टिनाच्या शेडखाली त्याहून जास्त. स्वस्त चार्जर भरल्यावरही जोर लावत राहतो, आतलं पाणी उडतं आणि ठोकळा फुगतो. नवतप्यातून गाडी वाचली तर पावसाळा येतो. पांदणीत चिखल, म्हणून गाडी दोन-अडीच महिने उभी, तीही अर्धवट उतरलेल्या बॅटरीनं. लेड-अ‍ॅसिड रिकामी ठेवली की प्लेटांवर सल्फेटचे खडे जमतात आणि ते पुन्हा विरघळत नाहीत. पोळ्याला गाडी काढली तर दहा किलोमीटरही जात नाही. त्यात मागच्या सीटवर माणूस, पुढे पायदानावर खताचा ५० किलोचा कट्टा. जोराचा करंट ओढला की या बॅटरीतून लेबलवर लिहिलेली क्षमता मिळतच नाही. विकताना हे कोणी सांगितलेलं नसतं.

म्हणून आमचं मत ठाम आहे: इथल्या उन्हात पुन्हा लेड-अ‍ॅसिड लावायची असेल तर गाडी भंगारात दिलेली बरी. लावायची तर लिथियम फेरो फॉस्फेट, म्हणजे बाजारात ज्याला एलएफपी म्हणतात ती.

इथे लगेच आगीची शंका येते आणि ती घेतलीच पाहिजे. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात ठिकठिकाणी विजेच्या स्कूटर पेटल्या, त्यांचे व्हिडिओ प्रत्येक मोबाईलवर फिरले. त्यानंतर केंद्रानं बॅटरीच्या सुरक्षेचं एआयएस-१५६ हे मानक कडक केलं. ते डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झालं. एलएफपी रसायन निकेल असलेल्या सेलपेक्षा जास्त तापमान सोसतं आणि बिघडलं तरी तेवढ्या जोरात पेटत नाही. पेटतच नाही, असं मात्र कोणाला सांगू नये. खराब सेल आणि ढिला जोड कुठलंही रसायन पेटवू शकतो.

व्होल्टेजचा मेळ असा बसतो. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा, पूर्ण भरला की ३.६५. सोळा सेल सिरीजमध्ये घेतले की पूर्ण भरल्यावर ५८.४ होतात. चार लेड-अ‍ॅसिड ठोकळे भरताना ५८.८ पर्यंत जातात. म्हणजे ४८ व्होल्टच्या गाडीचा जुना कंट्रोलर, हॉर्न-लाइटचा कन्व्हर्टर, सगळं तसंच चालतं. ६० च्या गाडीला वीस सेल. वजनात मोठा फरक पडतो: चार ठोकळे मिळून २६ ते २८ किलो, त्याच कामाचा एलएफपी पॅक १२ किलोच्या आसपास.

पॅक घेताना फसवणूक होते ती सेलमध्ये. काढून टाकलेले, दुसऱ्या दर्जाचे सेल नव्या डब्यात भरून विकतात. चौकोनी सेलवरचा क्यूआर कोड खरवडलेला असेल तर हात लावू नका. एआयएस-१५६ प्रमाणे तपासणी झाल्याचा कागद मागा. आतल्या बीएमएसची, म्हणजे सेलवर लक्ष ठेवून गरज पडली की करंट तोडणाऱ्या सर्किटची, मर्यादा कंट्रोलरपेक्षा जास्त हवी. कंट्रोलरवर २० अँपिअर लिहिलं असेल तर बीएमएस ३० चा. तापमान ओळखणारा सेन्सर सेलला चिकटवलेला हवा, डब्यात लोंबकळत ठेवलेला नको. आणि दुकानातच एकदा पूर्ण भरून, पूर्ण उतरवून क्षमता मोजून द्यायला सांगा. जो दुकानदार याला नाही म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये.

बसवताना घाई केली की कंट्रोलर जळतो. आधी जुन्या जोडणीचा मोबाईलवर फोटो. पान्याच्या दांड्याला इन्सुलेशन टेप गुंडाळलेली हवी, कारण पाना दोन टर्मिनलवर आडवा पडला की पान्याचा लाल निखारा होतो. बॅटरीचा खड्डा साफ करून खाली ५ मिलिमीटर रबराची शीट, वर पॅक, नायलॉनच्या पट्ट्यानं आवळलेला. पॅकच्या डब्यात स्क्रू मारणारे लोकही आम्ही पाहिले आहेत. कृपा करून मारू नका. मुख्य तार ६ चौरस मिलिमीटरची, बारीक तारांची, तांब्याची. टोकाला थिंबल, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवायचं. पिळून टेप लावलेला जोड खड्ड्यांच्या रस्त्यावर महिनाभरात ढिला होतो, गरम होतो आणि कनेक्टरचं प्लास्टिक वितळतं. 'गाडीतून जळका वास येते' या तक्रारीचं कारण दहापैकी नऊ वेळा हा जोड असतो. पॉझिटिव्ह तारेवर, पॅकपासून वीतभर अंतरात, डीसीला चालणारा ४० अँपिअरचा फ्यूज. घरातला एसी एमसीबी इथे चालत नाही, डीसीची ठिणगी त्याच्यात विझत नाही. शेवटचा कनेक्टर जोडण्याआधी मल्टिमीटरनं प्लस-मायनस पुन्हा तपासा. क्षणभर उलटा लागला तरी कंट्रोलर गेला.

जुना चार्जर वापरू नका. त्याचं व्होल्टेज थोडं वर जातं, काहींत सल्फेट फोडणारे झटके असतात, आणि बीएमएस दर वेळी चार्जिंग मधेच तोडतो. १६ सेलसाठी ५८.४ व्होल्टचा, ५ अँपिअरचा एलएफपी चार्जर घ्या. २४ अँपिअर-तासांचा पॅक पाच तासांत भरतो.

"मीटर किती पळते मंग?" हा प्रश्न घरातल्या बाईचा असतो आणि तोच सगळ्यात नेमका असतो. हा चार्जर ३३० वॅटच्या आसपास ओढतो, म्हणजे दोन कूलर लावल्यासारखं. एक माणूस, २५ च्या वेगानं, बऱ्या रस्त्यावर जात असेल तर किलोमीटरला २० ते २५ वॅट-तास लागतात. चार्जरमधली गळती धरून शंभर किलोमीटरला तीन युनिट. आपल्या वीजबिलावरचा दर बघा आणि तीननं गुणा. दहा रुपये युनिट धरलं तरी तीस रुपये. तेवढ्याच अंतराला पेट्रोलची गाडी दोन लिटर पिते. पण हा हिशेब इथेच थांबवून गाडी विकणाऱ्यांमुळेच लोक चिडलेत. बॅटरीची किंमत तिच्या आयुष्यातल्या किलोमीटरनं भागून यात मिळवली पाहिजे. समजा पॅक २४ हजाराला पडला. कागदावर तो ६० हजार किलोमीटर जाईल. आम्ही निम्मेच धरतो, ३० हजार. म्हणजे किलोमीटरला ८० पैसे बॅटरीचे आणि ३० पैसे विजेचे. तरीही पेट्रोलच्या निम्मं पडतं. मात्र दिवसाला पाच किलोमीटरच फिरणाऱ्याला हे पैसे वसूल व्हायला फार वर्षं लागतात. त्याला आम्ही सायकल सुचवतो.

चार्जिंगची वेळ गावाप्रमाणे ठरवावी. संध्याकाळी व्होल्टेज १७० पर्यंत उतरत असेल तर चार्जरच्या लेबलवर किमान व्होल्टेज किती लिहिलं आहे ते आधी बघा. उन्हाळ्यात दुपारी गाडी आणल्या-आणल्या पिन लावायची नाही. तासभर कडुनिंबाखाली थंड होऊ द्या. पॅक ४५ अंशांच्या वर असताना भरणं टाळायचं, म्हणून मे महिन्यात पहाटेची वेळ उत्तम. पहिल्या पावसाच्या विजा सुरू झाल्या की पिन काढून ठेवा. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरात ३०० च्या वर व्होल्टेज येतं आणि टीव्ही, फ्रिज, चार्जर एकदमच जातात. २७० ला पाडणारं व्होल्टेज प्रोटेक्टर लावलेलं बरं.

"करंट मारते" ही तक्रार बहुतेक ठिकाणी ऐकू येते. चार्जरच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात, आणि गाव म्हणतं की गाडीत करंट उतरला. तो घरातल्या अर्थिंगचा दोष असतो. चार्जरमधल्या फिल्टरमधून थोडा करंट पत्र्यावर येतो, तो तिसऱ्या पिनमधून जमिनीत जायला हवा, आणि तिसरी पिन नुसती नावाला लावलेली असते. कोळसा-मीठ घालून अर्थिंगचा खड्डा करा आणि उन्हाळ्यात त्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. झिणझिण्या जातात.

पावसाचं तेवढ्यात सांगून टाकतो. मोटरची तार आसातून आत जाते आणि पाणी तारेवरून ओघळत तिथेच शिरतं. म्हणून तार आत शिरण्याआधी खाली झोल देऊन बांधायची, म्हणजे थेंब खालीच गळतो, तोंडाला सिलिकॉन. पाणी शिरलं की मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला सांगणारे हॉल सेन्सर जातात आणि गाडी गुरगुरत झटके देते. रपट्यावरून पाणी वाहत असेल तर हिशेब आसाचा: तो जमिनीपासून २० सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्याच्यावर पाणी असेल तर थांबा. (वाहत्या रपट्यात कुठलीच गाडी घालू नये, ते वेगळं.) काळ्या मातीत तर नेऊच नका. मडगार्डमध्ये माती ठासून बसते आणि मोटर जागच्या जागी तापते. आणि धुवायला सर्व्हिसिंगच्या जोरदार फवाऱ्याखाली नाही, ओल्या फडक्यानं.

सगळं झालं की रस्त्यावरची चाचणी, मालकाला बसवून. टायरमध्ये कंपनीनं लिहिलेली पूर्ण हवा, बॅटरी पूर्ण भरलेली, किलोमीटरचा आकडा लिहून घेतलेला. डॅशबोर्डवरच्या, बॅटरी किती उरली ते दाखवणाऱ्या कांडीवर विश्वास ठेवायचा नाही. ती लेड-अ‍ॅसिडच्या व्होल्टेजवर बनवलेली असते, आणि एलएफपीचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहून एकदम कोसळतं. कांडी भरलेली दाखवते आणि गाडी फाट्यावर बंद. नव्या बॅटरीवरचा विश्वास उडतो तो असा. त्यावर उपाय म्हणजे आत गेलेला आणि बाहेर आलेला करंट मोजणारा, शंट लावलेला मीटर. तो ५० टक्क्यांवर आला की गाडी परत वळवायची. घरी आल्यावर किती किलोमीटर झाले ते सीटच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहायचं, एकट्याचे वेगळे, डबलसीटचे वेगळे. डबलसीट आणि कट्टा घेतला की किलोमीटरला ३० वॅट-तासांच्या वर जातं, हे मालकाला आधीच सांगितलेलं असावं.

"चढावर रडते" हे लोकांचं म्हणणं मात्र पूर्ण खरं आहे. गाडी, माणूस आणि सामान मिळून दीडशे किलो धरा. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर २५ चा वेग राखायला नुसत्या चढासाठी ५०० वॅट लागतात. मोटर आहे २५० ची. ती हळू होणारच. वर्धा-हिंगणघाटच्या बाजूच्या सपाट रस्त्याला चालतं, चिखलदऱ्याच्या घाटात नेऊ नये. वेगाबद्दलही लोकांचं बरोबर आहे. तालुक्याचं गाव बारा किलोमीटर असेल तर अर्धा तास लागतो, आणि ट्रक धावणाऱ्या हमरस्त्यावर २५ नं जाणं धोक्याचं आहे. आडरस्ता असेल तरच ही गाडी.

यावर पोट्ट्यांचा उपाय ठरलेला: कंट्रोलरमधली वेग अडवणारी तार कापायची. ती कापली की सूटही गेली. मोटरची सलग अर्धा तास टिकणारी शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, वेग २५ पेक्षा कमी, बॅटरीशिवाय वजन ६० किलोपर्यंत आणि मान्यताप्राप्त संस्थेचं प्रमाणपत्र असेल तरच गाडीला नोंदणी आणि लायसन लागत नाही. २०२२ मध्ये परिवहन विभागानं राज्यात अशा फेरफार केलेल्या गाड्यांवर कारवाई केली होती. अपघात झाला तर विमा नसलेल्या, बेकायदा गाडीचा खर्च घरच्यांच्या अंगावर येतो. ज्याला ५० चा वेग हवा त्यानं हिरव्या पाटीची, नोंदणीची गाडी घ्यावी. आणि तिची बॅटरी गल्लीत बदलू नये, कंपनीकडेच न्यावी.

राहिले जुने चार ठोकळे. ते कोणी पऱ्हाटीच्या ढिगाजवळ टाकून देतं, कोणी आतलं पाणी नालीत ओततं. त्यात गंधकाचं आम्ल असतं आणि प्लेटा शिशाच्या. हेच शिसं किलोवर विकलं जातं, म्हणून नवा पॅक ठरवतानाच जुन्याचं वजन काट्यावर करून घ्या आणि तेवढे पैसे बिलातून वजा करायला सांगा. मोठे व्यापारी घेतात. काटा आपल्या समोर लावायला सांगा.